बर्फ सगळ्यांच्याच हातात असतो

नवी मुंबईची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा, बस्स. त्यामुळे ‘गारव्यानं बोटं पांढरी पडतात’ असं कोणी सांगितलं की इथल्या दवाखान्यात ते फारसं मनावर घेतलं जात नाही. अशक्तपणा, रक्त कमी, मानेची नस दबली, बी-ट्वेल्व्ह घ्या. ज्या बाईंचं हे प्रकरण आहे त्यांना ही सगळी निदानं आलटूनपालटून मिळाली होती. शिवाय त्यांच्या बाबतीत एक आयतं कारण समोरच होतं: त्या मासळी विकतात. दिवसभर हात बर्फात म्हटल्यावर आणखी काय शोधायचं?

त्यांच्या परवानगीनं हे लिहितो आहे. गाव, बाजार आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४६. खाडीकाठच्या गावातलं कोळी कुटुंब. पहाटे इतर बायकांबरोबर टेम्पोनं भाऊच्या धक्क्यावर जायचं, पापलेट, सुरमई, बोंबील, कोळंबी उचलायची, थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फाच्या चुऱ्यात भरायची आणि नऊच्या आत नेरूळच्या बाजारात आपल्या ओट्यावर बसायचं. पंचवीस वर्षं हेच. अडीच वर्षांपूर्वी पहिल्यांदा बॉक्समधून हात बाहेर काढला तेव्हा उजवी तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पांढरंफटक झालं होतं. चिमटा काढला तरी कळेना. थोड्या वेळानं बोटं निळी पडली, हात पदराखाली पोटाशी धरून बसल्यावर लाल झाली आणि मग असा ठणका लागला की कोयता धरवेना.

पहिलं वर्ष हे फक्त बर्फात व्हायचं. पुढे नळाच्या पाण्यात, पावसात भिजल्यावर, बँकेच्या एसीत रांगेत उभं राहिल्यावरही व्हायला लागलं. बोटं सकाळी सुजलेली असायची, लग्नातली अंगठी निघेना म्हणून सोनाराकडून कापून घ्यावी लागली. फेब्रुवारीत तर्जनीच्या टोकावर एक बारीक जखम झाली. काटा लागला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. मासळीवालीच्या बोटाला काटा लागणं यात संशय घ्यावा असं काही नाहीच. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, एका ठिकाणी चीर देऊन पाहिली, पू निघाला नाही. जखम भरेना.

माझ्याकडे त्या जूनअखेरीस आल्या, कारण जून-जुलैत बोटींची मासेमारी बंद असते आणि तेवढाच त्यांना दवाखान्यासाठी वेळ मिळतो. पाऊस होता, ओपीडीचा एसी चालू होता. सिस्टरनं नेहमीप्रमाणे ऑक्सिमीटर लावला. मधल्या बोटावर नुसत्या रेघा. अनामिकेवर ८४, मग पुन्हा रेघा. सिस्टर घाबरली, बाई मात्र खुर्चीत निवांत बसून सुनेला रिक्षाचे पैसे किती दिलेस ते विचारत होत्या. “मावशी, दम लागतोय का?” “नाय गो.” कानाच्या पाळीला क्लिप लावली, ९८.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन जातींचा प्रकाश पाठवतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यात होणारा चढउतार मोजतो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४च्या सुमारास ही युक्ती शोधली. ठोका बोटापर्यंत पोचलाच नाही तर यंत्राला मोजायला काही उरत नाही, आणि ते चुकीचा आकडा दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही. कोविडच्या काळात घरोघरी हे यंत्र आलं, पण गार बोटावरचा आकडा खरा धरायचा नसतो हे त्याच्याबरोबर आलं नाही. आमच्या कामाची गोष्ट एवढीच की बाईंच्या फुप्फुसात बिघाड नव्हता, रक्त बोटाच्या दारातच अडत होतं. मनगटाची नाडी तर ठणठणीत लागत होती.

त्यांच्याकडच्या फाइलमध्ये हाताचा कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होता, ‘नॉर्मल’. तो खोटा नव्हता. खांद्यापासून मनगटापर्यंतच्या धमन्या त्यात पाहिल्या होत्या आणि त्या चांगल्याच होत्या. बोटांतल्या धमन्या मिलिमीटरभराच्या आसपास असतात आणि गोंधळ तिथे होता. तपासणी तिथपर्यंत गेलीच नव्हती. मुठीत एक दांडी धरायला देऊन ‘रक्ताभिसरण ६२ टक्के’ असा रंगीत कागद देणाऱ्या शिबिरातला एक रिपोर्टही फाइलमध्ये होता. त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

आता मुख्य प्रश्न. बर्फ हे कारण आहे का?

बोटात स्नायू जवळपास नसतातच, बोट हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखाली असतात. त्यामुळे बोटाला स्वतःच्या पोषणासाठी रक्त फार थोडं लागतं. तरीही तिथे रक्ताची मोठी ये-जा चालते, कारण बोटाचं टोक हे शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचं ठिकाण आहे. नखाखाली आणि बोटाच्या गादीत धमनीतून थेट शिरेत जाणारे आडमार्ग असतात. अंग तापलं की ते उघडतात, गारठलं की चेतातंतूंच्या हुकमानं मिटतात. म्हणजे थंडीत बोटाचं रक्त कमी होणं हे प्रत्येक निरोगी माणसात होतं. मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात पांढऱ्या-निळ्या बोटांचे रुग्ण मांडले तेव्हा त्याचं म्हणणं होतं की चेतातंतूच भडक वागतात. या त्रासाला त्याच्याच नावानं ‘रेनो’ म्हणतात. १९२९ साली लंडनच्या थॉमस लुईसनं उलट बाजू घेतली: दोष बोटातल्या रक्तवाहिनीतच आहे, तीच थंडीला वाजवीपेक्षा जास्त दाद देते. पुढच्या संशोधनानं दोघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवलं. रक्तवाहिनीच्या स्नायुपेशीत एरवी आत दडून बसलेले काही ग्राहक रेणू गारव्यानं पृष्ठभागावर येतात, आणि मग चेतातंतूंचा साधा इशाराही तिला आवळून टाकायला पुरतो.

याच लुईसनं १९३० साली आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि या प्रकरणात मला तिचाच उपयोग झाला. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवलं की आधी ते गारठतं, पण पाच-दहा मिनिटांनी त्यातल्या वाहिन्या आपोआप उघडतात आणि बोट काही काळ गरम होतं. पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. बोट गोठून मरू नये म्हणून शरीरानं केलेली ही सोय. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या गास्पे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे हात गार पाण्यात ठेवून पाहिले, तर इतरांपेक्षा त्यांची बोटं जास्त उबदार राहिली आणि दुखलीही कमी. १९६२मध्ये ब्रिटनमधल्या मासे कापणाऱ्या कामगारांवरही असंच काम झालं. त्यांच्या बोटांतल्या वाहिन्या लवकर आणि जास्त उघडत होत्या.

या अभ्यासांवर एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. ज्यांचे हात थंडी सोसत नाहीत ते हे काम सोडून जातात, मागे उरतात ते मुळातच काटक. शिवाय काही आठवडे रोज हात गार पाण्यात बुडवून ही सवय लावता येते का, याचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. पण आक्षेप धरूनही बाईंच्या बाबतीत निष्कर्ष तोच निघतो. पंचवीस वर्षं त्यांचा हात त्याच बर्फात होता आणि त्यातली साडेबावीस वर्षं काही झालं नाही. त्या काटकांमधल्याच होत्या. शेजारच्या ओट्यावर त्यांची जाऊ बसते, पलीकडे गावातल्याच आणखी बायका, बर्फ त्याच गाडीवरून येतो. एकीचंही बोट पांढरं पडत नाही. इतकी वर्षं सोसणारा हात पंचेचाळिशीच्या आसपास अचानक सोसेनासा झाला तर बदल बर्फात झालेला नसतो, हातात झालेला असतो. बर्फ फक्त तो दाखवून देतो.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. साधा, निरुपद्रवी रेनो बहुधा विशीच्या आतबाहेर सुरू होतो. चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला रेनो, एका हाताला जास्त, बोटाच्या टोकाला जखम, बोटांना सूज... यातली कुठलीही एक गोष्ट असली तरी पुढे तपासायचंच. बाईंकडे सगळ्याच होत्या. विचारल्यावर हेही कळलं की वर्षभर छातीत जळजळ होते आणि भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही.

पुढची तपासणी नखाच्या मुळाशी. शरीरात इतरत्र केशवाहिन्या त्वचेला काटकोनात उभ्या असतात, वरून पाहिल्यास नुसते ठिपके दिसतात. नखाच्या मुळाशी त्या आडव्या येतात, त्यामुळे अख्खा फास दिसतो. तेलाचा एक थेंब आणि संगणकाला जोडलेला दोनशेपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक, एवढं पुरतं. मी उजव्या तर्जनीपासून सुरुवात केली नाही. कोयता धरणाऱ्या हाताच्या पुढच्या बोटांवर खवल्यांचे, काट्यांचे ओरखडे असतात, तिथल्या रक्ताच्या ठिपक्यांवर विश्वास ठेवता येत नाही. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी घेतली, तिथली त्वचाही जास्त पारदर्शक असते.

निरोगी बोटात केसांच्या पिनांसारखे सारखे फास ओळीनं उभे दिसतात, मिलिमीटरला सात किंवा जास्त. बाईंच्या अनामिकेत मिलिमीटरला चार-पाच. मधे रिकाम्या जागा. उरलेल्यांपैकी काही फुगून ५० मायक्रॉनच्या पुढे गेलेले, दोन ठिकाणी सुकलेल्या रक्ताचे तपकिरी थर. सुनेला पडद्यावर दाखवलं आणि तुलनेसाठी तिचंच बोट खाली ठेवलं. ती काही बोलली नाही, सासूचं बोट पुन्हा दाखवा म्हणाली.

रक्ततपासणीत आधीची एएनए चाचणी, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, ‘निगेटिव्ह’ होती, पण ती एलायझा या यंत्रावरच्या पद्धतीची. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर पाहायची पद्धत वेगळी. ती करून घेतली तेव्हा केंद्रकात सुटे सुटे बारीक ठिपके दिसले: सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा मधला भाग) नमुना, तोही रक्तद्रव १२८० पट पातळ केल्यावर. ही प्रतिपिंडं स्क्लेरोडर्माकडे बोट दाखवतात, म्हणजे त्वचा, रक्तवाहिन्या आणि अन्ननलिकेसारखे आतले अवयव जाड-कडक करणाऱ्या आजाराकडे. २०१३च्या अमेरिकन-युरोपीय निकषांत त्याच्या निदानासाठी ९ गुण लागतात. रेनोचे ३, सुजलेल्या बोटांचे २, बोटाच्या टोकाच्या जखमेचे २, नखाच्या केशवाहिन्यांचे २, प्रतिपिंडांचे ३. बेरीज १२. निदान: मर्यादित प्रकारचा स्क्लेरोडर्मा.

या आजारात बोटातल्या धमनीचं अस्तर जाड होत जातं, आतली वाट कायमची अरुंद होते. साध्या रेनोत वाहिनी आवळते आणि पुन्हा पूर्ण सुटते, इथे सुटल्यावरही वाट अर्धीच असते. म्हणून जखम होते आणि म्हणूनच ती भरत नाही. काटा लागलाही असेल, पण जावेला रोज लागतो आणि चार दिवसांत भरतो.

छातीचा एचआरसीटी, फुप्फुसांची क्षमता आणि हृदयाचा इको सुदैवानं चांगले निघाले.

औषध देण्याआधी औषधं काढावी लागली. रक्तदाबासाठी त्या अटेनोलॉल घेत होत्या. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी बोटं आणखी गारठतात, ती हळूहळू बंद केली. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. ‘आमवाताची गोळी’ म्हणून एक पट्टी त्या अधूनमधून घ्यायच्या. सुनेनं मोबाइलमध्ये फोटो दाखवला: प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, २० मिलिग्रॅम. सूज उतरायची, म्हणून आवडती गोळी. १९९८ साली पिट्सबर्गच्या अभ्यासात दिसलं की स्क्लेरोडर्मात दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड घेणाऱ्यांत अचानक रक्तदाब भडकून मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढतो. सेंट्रोमिअरवाल्यांत हे क्वचित घडतं, तरी ही जोखीम घ्यायचं कारण नव्हतं. डोस उतरवत बंद केला आणि घरी रक्तदाबाचं यंत्र घ्यायला लावलं.

तिसरी गोष्ट मशेरी. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवणानंतर. ती दाताला लावली तरी निकोटिन रक्तात जातंच आणि वाहिनी आवळतंच. इथे बाई अडल्या. “गोल्या सांगाल त्या घेन, पन मशेरी...” त्यांची बाजू मला समजते. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला तेवढाच एक निवांत क्षण असतो. सून रोज डबी लपवायची आणि सासू शोधून काढायची, असं दिवाळीपर्यंत चाललं. दुपारची सुटली. सकाळची बऱ्याच उशिरानं.

मग निफेडिपिन, वाहिन्या सैल करणारी, हळूहळू सुटणारी गोळी. दिवसाला पाच-सहा वेळा पांढरी पडणारी बोटं एक-दोन वेळांवर आली, पण घोटे सुजले. डोस वाढवता येईना म्हणून सिल्डेनाफिल जोडली, म्हणजे व्हायग्रातलंच औषध. मुलगा मेडिकलमधून हात हलवत परत आला आणि सुनेकरवी मला फोन आला: दुकानदार हसला, ही गोळी आईला कशी? हीच गोळी फुप्फुसाच्या वाढलेल्या दाबासाठीही देतात, वाहिनी सैल करणं एवढंच तिचं काम, ती कुठली वाहिनी हे तिला कळत नाही, असं समजावून सांगितलं. तरी पुढची पट्टी त्यांनी गावापासून लांब, वाशीहून आणली.

जखमेला हात लावायचा नाही, खरवडायचं नाही, कोरडी मलमपट्टी. साधारण दहा आठवड्यांत ती भरली. टोकाला खळगा राहिला.

‘थंडीपासून जपा’ हा सल्ला मासळीवालीला देणं म्हणजे धंदा बंद करा म्हणणं. म्हणून एकदा बाजारात जाऊन बसलो आणि हात नेमका कधी बर्फात जातो ते पाहिलं. कापताना फारसा जातच नाही. जातो तो गिऱ्हाइकाला माल दाखवताना, ‘खालचा दाखवा’ म्हटल्यावर. बॉक्स उपसणं आता सुनेकडे आहे, भाव आणि कोयता सासूकडे. रबरी हातमोजे त्यांनी एका दिवसात फेकले, मासा निसटतो आणि गिऱ्हाइकाला गाभोळी आहे का हे बोटानं चाचपून सांगता येत नाही. ते खरंच आहे. मग डाव्या हाताला आत सुती, वर रबरी आणि उजवा मोकळा, अशी तडजोड झाली. शेजारी कोमट पाण्याची बादली. कोमटच, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. टेम्पोत पहाटे पामबीच रस्त्याचं वारं लागतं, तिथे स्वेटर आणि कानटोपी. हातापेक्षा छाती-पोट उबदार ठेवलेलं बोटांना जास्त मानवतं, कारण ते आडमार्ग शरीराच्या आतल्या तापमानाकडे बघून उघडतात. आमच्या यादीतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय ठरला.

दरम्यान जावेची मुलगी आली. वय १९, वाशीच्या कॉलेजात. तिची बोटं नववी-दहावीपासून गारव्यानं पांढरी पडतात, दोन्ही हातांची सारखीच, अंगठे सोडून. आजवर कोणी लक्ष दिलं नव्हतं, काकूचं निदान झाल्यावर घरात रडारड. जखम नाही, सूज नाही. नखाच्या मुळाशी फास सरळ रांगेत, एएनए त्याच सूक्ष्मदर्शकी पद्धतीनं निगेटिव्ह. मॉन्ट्रियलमध्ये रेनोच्या ५८६ रुग्णांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. ज्यांच्या केशवाहिन्याही बिघडलेल्या आणि स्क्लेरोडर्माची खास प्रतिपिंडंही रक्तात, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांना पुढे तो आजार झाला. ज्यांच्यात दोन्ही नव्हतं, त्यांतल्या १.८ टक्क्यांना. आईला हे दोन आकडे कागदावर लिहून दिले, मुलीला गोळी दिली नाही. ती कॉलेजच्या एसी लॅबमध्ये जॅकेट घालते.

बाईंना दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, डाव्या मधल्या बोटावर नवी जखम झाली. बोसेंटान हे वाहिन्यांसाठीचं आणखी एक औषध सुरू करायचं का हा प्रश्न आला. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत नवीन जखमा कमी झाल्या, असलेली जखम मात्र लवकर भरली नाही. शिवाय दर महिन्याला यकृताची तपासणी आणि खर्च. एकच जखम होती, तिला संसर्ग नव्हता, म्हणून सिल्डेनाफिलचा डोस वाढवून थांबलो. मार्चमध्ये ती भरली. येत्या थंडीत पुन्हा झाली तर बोसेंटान, हे सुनेशी आधीच बोलून ठेवलंय, म्हणजे पैशांची तजवीज करता येईल.

सेंट्रोमिअरवाल्यांत फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वर्षानुवर्षांनी गुपचूप वाढू शकतो, म्हणून इको आणि फुप्फुसांची वायू शोषण्याची चाचणी दरवर्षी करायची. यंदाची तारीख मार्गशीर्षातल्या गुरुवारची दिली आहे. त्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक नसतं, बाईंचा धंदा बुडत नाही आणि त्या येतात.